सोबतची व्यक्ती

मुलाखत अकराला होती म्हणून बाबांनी सगळ्यांना नऊला बोलावलं होतं, आणि साडेआठलाच सगळे हजर होते. यात प्रेमाचा भाग कमी होता. बाबांकडे वेळेवर पोचणं हे उशिरा पोचण्यात जमा होतं, हे या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक असायचं.

गेल्या महिन्यात जुळ्या नातवांच्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, बाबांनी जाहीर केलं होतं की ते आणि आई परदेशात जाऊन राहणार आहेत. कायमचे. समुद्राकाठचा तो छोटा देश निवृत्त माणसांना राहायला बोलावतो: या, पेन्शन इथे खर्च करा, नोकरी मागू नका, कोणाच्या अध्यातमध्यात पडू नका. शेवटची अट बाबांनी वाचली होती की नाही याबद्दल शंका होती. त्या दिवशी मेणबत्त्या वितळून केकवर सांडल्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून घरात एक चमत्कार घडला होता. जुन्या गॅरेजच्या वाटणीवरून दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी भावंडं, म्हणजे दातांचा डॉक्टर असलेला थोरला आणि औषधांचं दुकान चालवणारी त्याची बहीण, आता रोज सकाळी फोनवर बोलू लागली होती. आईबाबांना रोखायचं कसं, एवढाच विषय असायचा. संकटात रक्ताची ओढ जागी होते म्हणतात. इथे ती जरा वेगळ्या कारणाने जागी झाली होती. थोरल्याची जुळी पोरं शाळा सुटल्यावर आईकडे जेवायची, आणि दुपारी दुकान बंद ठेवायला नको म्हणून मुलीच्या गल्ल्यावर आई बसायची. आई गेली की दोन घरांची चाकं एकदम निखळणार होती. पण असं तोंडाने कोण म्हणणार? म्हणून दोघंही "या वयात परका देश" असं म्हणत होती.

आज मात्र भांडायला वेळ नव्हता. आज तालीम होती. परदेशी कचेरीतली बाई कॉम्प्युटरवर येऊन प्रश्न विचारणार होती, आणि बाबांच्या मते कुठलीही परीक्षा तालमीशिवाय द्यायची नसते. परीक्षेतलं बाबांना कळत होतं. उभा जन्म त्यांनी परिवहन कचेरीच्या मागच्या मैदानात लोकांच्या ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या होत्या. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर पॅड ठेवायचं, आठचा आकडा काढून घ्यायचा, आणि शेवटी पेनाला टोपण लावत म्हणायचं, "तीन महिन्यांनी पुन्हा या." समोरचा रडवेला होऊन विचारायचा, "साहेब, नेमकं काय चुकलं?" यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "ते तुमचं तुम्हाला कळायला हवं."

नातेवाइकांना तर ते तत्त्व म्हणून नापास करत. घरचा म्हणून पास केला असं उद्या कोणी म्हणायला नको. थोरला तीनदा नापास झाला, मुलगी आणि सून दोनदोनदा. जावई चारदा, त्यातला पहिला प्रयत्न लग्नाच्या आधीचा, होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायला म्हणून केलेला. आई एकदाच नापास झाली आणि पुन्हा गेली नाही. बाकीचे एकेक करून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पास होऊन आले. घरी येऊन लायसन्स दाखवलं की बाबा ते हातात घेत, खालची सही बघत, आणि परत देताना म्हणत, "हा माणूस कोणालाही पास करतो."

तर असे बाबा आज परीक्षेला बसणार होते, आणि त्यांनी नापास केलेली सगळी माणसं बैठकीच्या खोलीत अर्धवर्तुळ करून बसली होती. इतका आनंद या घरात लग्नकार्यालाही झाला नव्हता.

इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. त्याच्यामागे, अधिकाऱ्याच्या जागी, थोरला बसला. या खुर्चीची तो वयाच्या अठराव्या वर्षापासून वाट बघत होता. तोंडात हत्यार घालायच्या आधी काढतो तो मऊ आवाज काढून त्याने विचारलं, "आमच्या देशात तुम्हाला का राहायचंय?"

"शिस्त," बाबा म्हणाले. "तुमच्याकडे गाड्या झेब्रा क्रॉसिंगला थांबतात असं वाचलंय. ते खरं आहे का बघायचंय. थांबत नसतील तर त्यावरही काही करता येईल."

"बाबा, तुम्ही तिथे काही करायला जात नाही आहात."

"अधिकारी अर्जदाराला बाबा म्हणतो का? आणि असा पोक काढून बसू नकोस. समोरच्याला वाटतं, हा ऐकून घेईल."

"बरं. तिथे दिवसभर काय करणार?"

"निरीक्षण."

थोरल्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "हे ऐकून ते तुम्हाला व्हिसा देतील?"

"का नाही देणार? मी काही लपवतोय का?"

"आणि समजा, तुमच्यात अमुक एक चूक आहे असं ती बाई म्हणाली, तर?"

"चूक?" बाबांनी विचारलं. खरोखरच त्यांना प्रश्न कळला नव्हता.

इतका वेळ सोफ्याच्या कडेला बसून चहात टोस्ट बुडवणारा जावई आता हळूच खाकरला. जावई विमा एजंट होता. वाईट बातमी चांगल्या आवाजात सांगणं हा त्याचा धंदाच होता. अर्ज त्याने भरला होता, आणि एक गोष्ट त्याने महिनाभर खडीसाखरेसारखी जिभेखाली धरून ठेवली होती.

"खरं म्हणजे," तो म्हणाला, "हे प्रश्न बाबांना विचारणारच नाहीत."

"म्हणजे काय, जावईबापू?"

"मुख्य अर्जदार आई आहेत. पेन्शनची अट त्यांच्या पेन्शनमध्ये बसते, तुमच्या नाही बसत. तुम्ही," जावयाने मोबाइलवर बघितल्यासारखं केलं, तोंडपाठ असूनही, "तुम्ही 'सोबतची व्यक्ती' आहात."

खोलीत कोणी हसलं नाही. हसू न येऊ देण्यासाठी मुलीने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं आणि थोरल्याने छताकडे बघितलं.

"अर्ज तुम्ही भरलात," बाबा म्हणाले.

"नियम मी नाही केले, बाबा."

"हिला बोलता येणार आहे का मुलाखतीत?" बाबांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हात केला. "हिने कधी कोणाला मुलाखत दिली आहे?"

आई ऑपरेशन थिएटरची मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती. भले भले सर्जन तिच्याकडे न बघता नुसता हात पुढे करत, आणि हातात हवं ते हत्यार येई. चुकीचं हत्यार मागितलं तर बरोबर ते येई, आणि सर्जन गप्प बसत. पण हे सगळं हॉस्पिटलात होतं, आणि हॉस्पिटलातल्या गोष्टी या घरात आत येताना चपलांबरोबर बाहेर राहत.

कपबशा विसळत आई हे सगळं ऐकत होती. परदेशाची कल्पना मुळात तिचीच. तिच्याबरोबर काम केलेल्या भूलतज्ज्ञ बाई दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन राहिल्या होत्या, डोंगरउतारावरच्या एका गावात. मधूनमधून त्या मोबाइलवर आवाजी निरोप पाठवत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "इथे आल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही, सिस्टर. अमुक कुठे आहे, तमुक कधी होणार, काहीच नाही." तो निरोप आईने बऱ्याच वेळा ऐकला. मग जावयाला गुपचूप चौकशी करायला सांगितलं. फोनवरचं बोलणं बाबांच्या कानावर गेलं, आणि आठवडाभरात ते बाबांनी ठरवलेलं झालं. या घरात कल्पना अशाच जन्मत: आईच्या पोटी, बाबांच्या नावावर.

तेवढ्यात सून आत आली. शाळेत ती उपमुख्याध्यापिका होती, त्यामुळे कुठलंही काम काढण्याआधी ती आधी कौतुक करी.

"आई, आज ही साडी किती छान दिसतेय तुम्हाला."

"जुनीच आहे. बोल."

"बोलायचं असं काही नाही हो. पोरं रात्री रडत होती. आजीच्या हातचं नाही मिळालं तर जेवणारच नाहीत म्हणाली."

"तेरा वर्षांची झाली गं ती. काल मला विचारत होती, आजी गेली की तिची खोली आम्हाला मिळेल का."

सुनेने हा मुद्दा तिथेच सोडला. "पण तुम्हाला तरी करमेल का तिकडे? बाबा दिवसभर घरात. इथे निदान आम्ही आहोत मध्ये."

आईने शेवटचा कप पालथा घातला. "हो ना. मीही तोच विचार करत होते."

"कसला?"

"मुलाखतीत शेवटी मलाच विचारणार आहेत, यांना आत्ता जोडायचं की नंतर. एकटीला जाता येतं. जावयांनी सांगितलं मला." तिने पदराला हात पुसले. "मी अजून ठरवलेलं नाही."

सून उभी होती तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या घरातल्या तीन खोल्या आल्या, आणि तिन्ही खोल्यांत बाबा आले. रोज सकाळी शाळेत जाताना शेजारच्या सीटवर बाबा आले. "इंडिकेटर. आता बंद कर. आधी का नाही दिलास?" गेल्या उन्हाळ्यात चार दिवस ते राहायला होते, तेव्हा तिने गाडी घरी ठेवून बसने जायला सुरुवात केली होती.

"असं कसं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "नवराबायकोने एकत्रच जायला हवं, आई. या वयात तर जास्तच."

मग ती बाहेर आली आणि नवऱ्याला खिडकीशी घेऊन कानात काहीतरी बोलली. थोरल्याने बहिणीला खूण केली. बहिणीने नवऱ्याकडे असं बघितलं की महिनाभर जिभेखाली ठेवलेली खडीसाखर त्याला एकदम कडू लागली. एकटीनेही जाता येतं हे त्याने आईला सांगितलं होतं खरं, पण एकटी गेली तर मागे कोण उरतं, हा हिशेब त्याच्यासारख्या विमावाल्याने केला नव्हता.

"खरं सांगू का, बाबा," थोरला खुर्चीवर परत बसत म्हणाला, "मी विचार केला. तुम्ही दोघांनी जायलाच हवं. हवा चांगली आहे तिकडची."

"दोघांनीच," मुलगी म्हणाली. तासाभरापूर्वी याच सोफ्यावर तिने डोळे टिपले होते. "आई, ऐकतेयस ना? बाबांशिवाय तू तिथे काय करणार? सोबत नको का कोणी?"

"सोबतीसारखं सुख नाही," सून म्हणाली.

"आमच्या कंपनीचंही तेच म्हणणं आहे," जावई म्हणाला. त्याच्या कंपनीचं असं काही म्हणणं नव्हतं.

बाबांना बरं वाटलं. महिनाभर ही माणसं हट्टाला पेटली होती आणि आज, आपण नीट समजावून सांगितल्यावर, सगळी ताळ्यावर आली. "शेवटी पटलं ना," ते म्हणाले. "मी टाय लावून येतो."

झोपायच्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडत होती. बाबा आरशासमोर टायची गाठ घालत होते तेव्हा भावंडं गॅलरीत आली. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"आई एकटी गेली तर?" मुलगी विचारत होती. "माझ्याकडे तर शक्यच नाही. मागे दोन दिवस दुकानात बसले तर तीन गिऱ्हाइकांना, गाडी नीट लावून या, म्हणून परत पाठवलं. एकही परत आलं नाही."

"माझ्याकडे पेशंटच्या खुर्चीशेजारी येऊन बसले होते," थोरला म्हणाला. "मी ड्रिल सुरू केलं की म्हणायचे, सावकाश. पेशंटला वाटलं मी शिकाऊ आहे."

"एक महिना तू, एक महिना मी?"

"महिना? आठवडा म्हण."

"थोरला तू आहेस."

"मोठा म्हणून गॅरेज मिळालं का मला? तेव्हा समान हक्क होते ना?"

बाबा टायची टोकं दोन्ही हातांत धरून उभे होते. दातांच्या डॉक्टरने आणि औषधवालीने त्यांचा भाव करायला घेतला होता, आणि भाव उतरतच चालला होता. त्यांना राग आला नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांना वाईट वाटलं. लहान मूल जसं कुठल्या तरी लग्नात गर्दीत एकटं सापडतं, तसं काहीसं वाटलं. उभा जन्म निकाल सांगण्यात गेला होता. निकालाची वाट बघण्याची सवय त्यांना नव्हती. थोडा वेळ ते पलंगावर बसले, मग उठून टाय सारखा केला आणि बाहेर आले.

बाहेर इस्त्रीच्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आई आधीच बसली होती. बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीपेक्षा वीतभर मागे ठेवली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. परीक्षेला आलेली माणसं बाकावर अशीच बसायची.

आईने ते बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी कशासाठी मागे सरून जागा दिली नव्हती. तिचं मन द्रवलं. 'जोडा' म्हणायचं असं तिने त्या क्षणी ठरवून टाकलं, आणि मग तिला जरा मोकळंही वाटलं.

अकरा वाजता पडद्यावर आखूड केसांची एक तरुण बाई आली, आणि तिच्या शेजारी सर्दी झालेला एक दुभाषा. तो प्रत्येक वाक्याआधी नाक पुसायचा. घरातले बाकीचे चौघं लॅपटॉपच्या मागे भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले, म्हणजे ते पडद्यावर दिसणार नाहीत आणि त्यांना सगळं ऐकू येईल.

"मॅडम विचारतात, आमच्या देशात का यायचंय?"

"ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते," आई म्हणाली. "सकाळी आत जायचं, बाहेर येईपर्यंत अंधार. माझं सगळं आयुष्य तसं गेलं. मला आता उजेड येताना आणि जाताना बघायचाय. आणि मधल्या वेळात कुठली वस्तू कुठे ठेवलीय हे मला कोणी विचारायला नको."

दुभाष्याने सांगितलं. पडद्यावरची बाई पहिल्यांदाच हसली आणि काहीतरी म्हणाली.

"मॅडम म्हणतात, त्यांची आई पण नर्स होती."

भिंतीला टेकलेल्या चौघांनी सुटकेचा श्वास टाकला. प्रश्न पुढे जात राहिले. तब्येत, घर, ओळखीचं कोणी आहे का. आई एकेक उत्तर हातात हत्यार द्यावं तसं देत होती, मागितलं तेवढंच, स्वच्छ. आईच्या डोक्यामागून बाबा पडद्याकडे बघत होते, आणि एकदोनदा त्यांची मान आपोआप 'बरोबर' अशी हलली.

"तुम्ही निवडलेलं गाव डोंगरावर आहे. बस कमी. गाडी कोण चालवणार?"

"मी," बाबा म्हणाले. हा प्रश्न आपलाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

दुभाष्याने नाक पुसलं. "मॅडम म्हणतात, सत्तरीपुढच्यांना आमच्याकडे नव्याने परीक्षा द्यावी लागते."

"कोणाला?"

"तुम्हाला, सर."

भिंतीशी जावयाला ठसका लागला. मुलीने त्याच्या पाठीत, गरजेपेक्षा जरा जोरात, एक थापटी मारली.

"मी चालवीन," आई म्हणाली. "मला सत्तरीला अजून अवकाश आहे."

"तिला येत नाही," बाबा घाईघाईने दुभाष्याला म्हणाले. "लायसन्स नाही तिच्याकडे. मी देईन परीक्षा. काही हरकत नाही, मी देईन." आणि हे त्यांनी खरोखर मनापासून म्हटलं होतं.

आईने पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यातून एक लायसन्स काढलं, कडा झिजलेलं, आणि आधी कॅमेऱ्यासमोर धरलं. "हॉस्पिटलची व्हॅन चालवायची मी," ती म्हणाली. "ड्रायव्हर नसला की. वेळेवर नूतनीकरण करत आलेय."

घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. सुनेने थोरल्याकडे बघितलं, थोरल्याने बहिणीकडे. बहिणीने मान हलवली. तिलाही नव्हतं माहीत.

बाबांनी हात पुढे केला. आईने लायसन्स त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, लायसन्स उजेडाकडे तिरकं धरलं, आणि खालच्या कोपऱ्यातली सही वाचली.

"हा?" ते म्हणाले. "हा माणूस तर कोणालाही पास करतो."

तोंडातून गेलं आणि गेलंच. भिंतीशी उभ्या चौघांनी एकदम डोळे मिटले. त्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकवलं गेलं होतं. पडद्यावर दुभाष्याने नाक पुसलं आणि तेही इमानदारीने भाषांतर करून सांगितलं. आखूड केसांच्या बाईने भुवया वर केल्या, आईकडे जरा वेळ बघितलं आणि समोर काहीतरी लिहिलं.

"शेवटचा प्रश्न," दुभाषा म्हणाला. "फक्त मुख्य अर्जदाराने उत्तर द्यायचंय. सोबतची व्यक्ती आत्ता जोडायची, की नंतर?"

"नंतर म्हणजे कधी?"

दुभाष्याने बाईला विचारून घेतलं. "तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो."

सगळं घर बाबांकडे बघायला लागलं. भिंतीशी उभा थोरला दोन्ही हात जोडून आईला 'जोड, जोड' असं ओठांनी सांगत होता. मुलगी खालचा ओठ चावत होती. सुनेचे डोळे पाणावले होते, आणि ते या वेळी खरे होते. बाबांच्या एका हातात अजून लायसन्स होतं. आई त्यांच्याकडे वळून बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच बाबांना भीती वाटली.

"नंतर," आई म्हणाली. "आत्ता माझ्या एकटीचा."

पडद्यावरच्या बाईने मान हलवली, अभिनंदनासारखं काहीतरी म्हणाली, आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात घरातल्या सगळ्यांची तोंडं एकदम दिसली, कोणाचंच चांगलं दिसत नव्हतं.

"आई, अगं, हे काय केलंस," मुलगी म्हणाली. "बाबांचं कोण करणार आता?"

"तुमचे बाबा आहेत ते," आई म्हणाली. "महिनाभर मला सांगत होता ना, आम्हाला आईबाबा हवेत. त्यातला एक ठेवून जातेय."

थोरल्याने बायको काय म्हणते ते बघायला मान वळवली. सून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. जावयाने आपल्याला एका गिऱ्हाइकाला भेटायचंय हे आठवल्यासारखं घड्याळात बघितलं, आणि कोणी काही न बोलता एकेक जण स्वयंपाकघराकडे सटकला. आतून लगेच दबक्या आवाजात भांडण सुरू झालं. 'आठवडा' आणि 'गॅरेज' हे दोन शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

बाहेर दोघंच राहिली. बाबा खुर्चीवरून उठले नव्हते. आई उठली आणि लॅपटॉपची वायर काढून गुंडाळायला लागली.

"अगं," बाबा म्हणाले. मग थांबले. मैदानातल्या त्या बाकावर किती माणसांनी हा प्रश्न विचारला असेल, आणि किती जणांना ते काय म्हणाले असतील, हे त्यांना आत्ता, या वयात, एकदम आठवलं. तरी त्यांनी विचारलं. "नेमकं काय चुकलं?"

आईने ठरलेलं उत्तर दिलं असतं तर चाललं असतं. स्वयंपाकघरातलं भांडणसुद्धा ते ऐकायला क्षणभर थांबलं होतं.

"सांगते," ती म्हणाली. "तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, मी सांगते. लायसन्स हातात दिलं तुमच्या. तुम्ही सही बघितलीत. वर माझा फोटो होता, तो नाही बघितलात."

तिने त्यांच्या बोटांतून लायसन्स अलगद काढून घेतलं. बाबांनी हात पुढेच ठेवला. चष्मा अजून नाकावर होता.

"दाखव," ते म्हणाले.

आईने लायसन्स चेनच्या कप्प्यात घातलं, चेन लावली, पर्स मिटली.

"तीन महिन्यांनी या," ती म्हणाली. "तेव्हा दाखवीन."